चिऱ्यातली गिट्टी

नवरात्र संपलं की रत्नागिरीत खिडक्या पुन्हा दिसायला लागतात. जूनपासून त्या असतात, पण बंद ठेवायच्या वस्तू म्हणून. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तोही सरळ पडत नाही. मिऱ्याच्या बाजूने वारा सुटला की तो आडवा येतो आणि काचेवर कुणी मूठभर खडी फेकावी तसा वाजतो. ऑक्टोबरात ऊन पडतं, आपण पडदा सरकवतो, आणि काचेवर कुणी ताक शिंपडलंय की काय असं वाटतं. खालच्या कडेला शेवाळ, कोपऱ्यात काळी बुरशी, मधोमध ओघळ. आतून कितीही पुसा, घाण बाहेरच्या अंगाला असते.

बाहेरच्या अंगाला हात पोचवायचा कसा, एवढ्याच प्रश्नापायी मी गेल्या वर्षी अठरा फुटांची अॅल्युमिनियमची लांबवता येणारी काठी, तिच्या टोकाचा पाणी सोडणारा ब्रश, तीस मीटर पाइप आणि तो गुंडाळायचं भिंतीवरचं चाक असं सगळं मागवलं. विकणाऱ्यांनी विचारलं होतं, आमचा माणूस येऊन बसवून देईल, बाराशे रुपये वेगळे. चार स्क्रू पिळायचे बाराशे? घरात ड्रिल मशीन होतं, गिट्ट्या होत्या, रविवार होता. मी नाही म्हणालो.

चाक खालच्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर, नळाशेजारी बसवलं. चार भोकं, चार गिट्ट्या, चार स्क्रू. दिसायला झकास. दुसऱ्या रविवारी पाइप ओढला तेव्हा चाक भिंतीतून सुटलं ते गिट्ट्यांसकट, आणि शेजारच्यांच्या स्कूटरच्या आरशावर जाऊन बसलं. आरसा बाराशेला आला नाही, पण शेजाऱ्यांशी आठवडाभर जे बोलावं लागलं त्याची किंमत धरली तर हिशेब बरोबरीत सुटतो.

मग मिस्त्री आले. नाचण्याला राहतात, वय साठीच्या पुढे, हयात चिऱ्यात गेली. त्यांनी जमिनीवरची गिट्टी उचलली, तिला चिकटलेली तांबडी पूड बोटावर घेतली आणि म्हणाले, “काका, भोक तुम्ही बरोबर पाडलंत. भिंत चुकीची घेतलीत.”

त्या एका वाक्यावर हा लेख उभा आहे. स्वतः बसवावं की पैसे देऊन बसवून घ्यावं या प्रश्नावर लोक हौस आणि कंजूषी यांच्या भाषेत बोलतात. कोकणात तो आधी भिंतीचा प्रश्न आहे.

आमच्याकडच्या बहुतेक इमारतींना सांगाडा सिमेंट-काँक्रीटचा आणि मधल्या भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्याच्या. वरून गिलावा आणि रंग चढला की कुठे काँक्रीट आणि कुठे चिरा हे डोळ्यांना कळत नाही. जांभा हा अजब दगड. खाणीतून निघताना इतका मऊ असतो की तासता येतो, आणि वाऱ्याला लागला की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळात हा दगड विटेसारखा कापून काढताना पाहिला आणि १८०७ साली त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिलं. नाव बरोबरच आहे, फक्त ही वीट आतून जाळीदार असते. चिरा फोडून बघा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं, काहींत मऊ पिवळी माती भरलेली. भार वरून खाली आला तर हा दगड शंभर वर्षं उभा राहतो. आडवा ओढला तर मातीसारखा सुटतो.

गिट्टीचं सगळं गणित मात्र आडव्या दाबावर चालतं. स्क्रू आत जातो, गिट्टी फुगते, भोकाच्या बाजूंना रेटते आणि त्या रेट्यावर वजन तोलते. बाजूच पोकळ असतील तर रेटणार कशाला? वर ड्रिल ठोक्यावर ठेवलं, म्हणजे हॅमरवर, की जांभ्यात गोल भोक पडतच नाही. बिट भरकटतं, भोक लांबट होतं, आत पूड साठते आणि गिट्टी स्क्रूबरोबर गरगर फिरते. मी फिरणाऱ्या गिट्टीत काड्यापेटीची काडी खुपसली होती हेही इथे कबूल करून टाकतो. रत्नागिरीतल्या अर्ध्याअधिक घरांत अशी एक काडी भिंतीत असणार.

ही गिट्टी आली कुठून त्याची गोष्ट गमतीची आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना इजा न करता विजेचं सामान बसवायचं होतं. ते काम जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदाराकडे आलं. त्याने तागाचे धागे घट्ट करून त्यांची छोटी नळी बनवली, तीत स्क्रू पिळला की ती फुगायची. १९११ च्या सुमाराची ही गोष्ट. आपले जुने इलेक्ट्रिशियन अजून ‘रावळ प्लग’ म्हणतात ते त्या रॉलिंग्जचंच नाव. आज आपण वापरतो ती नायलॉनची गिट्टी जर्मनीतल्या आर्टुर फिशरची, १९५८ सालची. दोघांच्याही डोक्यात वीट आणि काँक्रीट होतं.

मिस्त्रींनी काय केलं? काही विशेष नाही. बोटाच्या पेराने भिंत वाजवत दोन फूट उजवीकडे सरकले, जिथे आवाज बसका झाला तिथे थांबले आणि म्हणाले, हा कॉलम. चाक कॉलमवर गेलं, ते आजतागायत हललेलं नाही. चिऱ्यातच बसवणं भाग असेल तर काय, असं विचारलं तेव्हा त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. ठोका बंद करून नुसत्या फिरकीवर भोक पाडायचं, तेही गिट्टीपेक्षा एक नंबर बारीक बिटाने. गिट्टी लांब घ्यायची, कारण पहिला इंचभर तर गिलाव्यातच जातो. आणि वजन जास्त असेल तर केमिकल अँकर, म्हणजे जाळीच्या नळीत भरलेला राळेसारखा लगदा. तो चिऱ्याच्या पोकळ्यांत शिरून आतल्या आत गाठ मारतो. चौथी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली, ती मला सगळ्यांत आवडली. जुन्या घरांत भिंत चढतानाच चिऱ्यांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा बसवून घेत. खुंटी कुठे लागणार हे घर बांधतानाच ठरलेलं असे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, म्हणजे बाराशे रुपये द्यायला हवे होते. थांबा.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही झोपायच्या खोलीची जुनी लाकडी खिडकी काढून अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली होती. रीतसर, पैसे देऊन, घाटावरून आलेल्या फिटरच्या हातून. काम देखणं होतं. लेव्हल अचूक, कोपरे जुळलेले, कडेने सिलिकॉनची रेघ अशी की केक सजवणाऱ्याने पाहत राहावं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यरात्री गादी ओली झाली. ट्रॅकमध्ये चार बोटं पाणी साचलं होतं आणि ते आतल्या बाजूने सांडत होतं.

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने बारीक भोकं असतात. आडव्या पावसात ट्रॅकमध्ये पाणी येणारच, ते येऊ नये अशी खिडकी कुणी बनवत नाही. आलेलं पाणी त्या भोकांतून बाहेर जावं अशी रचना असते. आमच्या फिटरने ती भोकं सिलिकॉनने बुजवली होती. मनापासून, पाणी आत येऊ नये म्हणून. जिथे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर तिथे हे खपलंही असतं. मी चार नंबरचं बिट लावून भोकं पुन्हा मोकळी केली, दहा मिनिटांचं काम.

पण खरी मेख पुढे आहे. सरकत्या खिडकीची बाहेरची काच पुसायला मुळात काठी लागतच नाही. शटर दोन्ही हातांनी धरून वरच्या ट्रॅकमध्ये उचलायचं, खालची कड आत ओढायची, की ते अलगद हातात येतं. मोरीत नेऊन, नळाखाली बादली धुवावी तसं धुता येतं. खालची बेअरिंगं पुसता येतात, ट्रॅकमधली वाळू ब्रशने काढता येते. आमच्याकडे हे का होत नव्हतं? कारण चोराने बाहेरून शटर उचलू नये म्हणून फिटरने वरच्या ट्रॅकमध्ये आडवे स्क्रू मारले होते, आणि बाहेरच्या लोखंडी जाळीचे बोल्ट बसवून त्यांची डोकी ग्राइंडरने उडवून टाकली होती. म्हणजे खिडकी आतून निघत नाही आणि जाळी बाहेरून निघत नाही. सगळं कायमचं. अठरा फुटांची काठी, ब्रश, पाइप, चाक आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरचा आरसा हा सगळा खर्च खिडकीने करायला लावलेला नव्हता, फिटिंगने लावलेला होता.

कोकणातली आमच्या आधीची पिढी कुठलीच गोष्ट कायमची बसवत नसे. मे महिन्याच्या शेवटी पडवीला नारळाच्या चुडतांची विणलेली झापं बांधली जात, सुंभाने किंवा काथ्याने, आणि दसऱ्याच्या सुमारास सोडली जात. अंगणातला मांडव तसाच, पावसाआधी उतरवायचा आणि पावसानंतर घालायचा. आमच्या जुन्या घरातल्या खिडकीला लाकडी गज आणि दोन झडपा होत्या, कडी-कोयंडा आणि बिजागऱ्या. झडपा आत उघडत, त्यामुळे त्यांची बाहेरची बाजू खोलीत उभं राहून पुसता येई. तिथे काच नव्हतीच म्हणा, अंधारात राहायची तयारी होती. ते दिवस परत यावेत असं मुळीच म्हणायचं नाही. त्या खोल्यांतला ओल्या गोधड्यांचा वास मला अजून आठवतो. पण पावसाळा येतो आणि जातो, म्हणून लावलेलं काढता आलं पाहिजे, हे शहाणपण त्या काथ्याच्या गाठीत होतं. ग्राइंडरने उडवलेल्या बोल्टात ते नाही.

रत्नागिरीत काचेची गोष्ट सांगायची आणि थिबा राजवाड्यात जायचं नाही, असं कसं होईल? ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या हाती लागला आणि आधी मद्रास, मग १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरी असा त्याचा प्रवास झाला. मंडालेच्या त्याच्या राजवाड्यात काचेचं काम केलेला एक महाल होता. अमिताव घोष यांच्या २००० सालच्या ‘द ग्लास पॅलेस’ या कादंबरीचं नाव त्यावरून आलं. इथे चोवीस वर्षं बंगल्यांत काढल्यावर १९१० साली त्याचा स्वतःचा तीन मजली वाडा पुरा झाला, खाडीकडे आणि समुद्राकडे तोंड करून, अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि रंगीत काचा लावून. राजाला तो सहाच वर्षं लाभला, १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. लंडनमध्ये रॉलिंग्ज गिट्टीशी खटपट करत होता त्याच दिवसांत इथे या खिडक्या बसत होत्या, गिट्टीशिवाय, सागाच्या चौकटींत.

मी त्या खिडक्यांकडे आता निराळ्या नजरेने बघतो. संध्याकाळचं ऊन त्या काचांतून येतं तेव्हा लोक फोटो काढतात. मी विचार करत असतो की ही वरची अर्धी काच बाहेरून पुसायला माणूस उभा कुठे राहत असेल. पश्चिमेला तोंड करून, एवढ्या उंचीवर, खाऱ्या वाऱ्यात. राजाकडे नोकर होते हे त्याचं उत्तर असेल. आमच्या बिल्डरांकडे तेही उत्तर नाही. तेही पश्चिमेला मोठ्या काचा लावतात, जाहिरातीत समुद्र दाखवतात, आणि त्या काचा बाहेरून कोण पुसणार हे घेणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर सोडतात.

याच्या उलट उदाहरण बघायचं तर दीपगृह बघावं. रत्नदुर्गाच्या टोकाला आपलं आहे. दीपगृहांत दिव्याच्या काचेच्या खोलीभोवती बाहेरून कठड्याचा सज्जा असतो. तो समुद्राची शोभा बघायला ठेवलेला नसतो, काच बाहेरून पुसायला ठेवलेला असतो. मीठ बसलेल्या काचेतून उजेड लांब जात नाही, आणि तिथे उजेड गेला नाही तर गलबत खडकावर जातं. काच लावण्याआधी ती पुसायची सोय करायची, हे ज्यांना परवडत होतं त्यांनी नाही, ज्यांना न करणं परवडत नव्हतं त्यांनी ते केलं.

आता थोडं पाण्याबद्दल, कारण काठी कुणीही बसवली तरी शेवटी काच साफ होते ती पाण्याने, आणि याबाबत मी बरीच वर्षं गाढवपणा करत होतो.

समुद्राकाठच्या काचेवर जे बसतं ते मुख्यतः मीठ. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि चिकट होतं. रत्नागिरीत वर्षातले कितीतरी दिवस ती वरच असते. त्या चिकट थरावर जांभ्याची तांबडी धूळ येऊन बसते. कोरड्या फडक्याने पुसलं की ती धूळ पॉलिश पेपरसारखी काचेवर फिरते. म्हणून आधी भरपूर पाणी, मग फडकं, मग रबराची पट्टी. ती पट्टी, जिला आपण वायपर म्हणतो, अमेरिकेत एत्तोरे स्तेक्कोने या इटालियन स्थलांतरिताने १९३६ साली पितळी मुठीची हलकी करून पेटंट घेतली. त्याआधी खिडक्या धुणारे बोजड लोखंडी पट्ट्या वापरत.

परदेशात काठी-ब्रशवाले काच पुसतच नाहीत. ते क्षार काढलेलं पाणी मारतात आणि काच तशीच वाळू देतात. पाण्यात क्षार नाहीत, त्यामुळे डाग उरत नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले तेव्हापासून शिडी सोडून जमिनीवरून काठीने धुण्याची ही पद्धत तिथे फार वाढली. त्यासाठी ते आरओ आणि त्यापुढचं आणखी एक गाळणयंत्र गाडीत घेऊन फिरतात. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला पाचशे मिलिग्रॅमपर्यंत चालतात असं भारतीय मानक सांगतं. काचेला मात्र शून्याच्या जवळचं पाणी लागतं. पोटापेक्षा काच नाजूक.

मी आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून त्याने खिडक्या धुवत होतो. काटकसर म्हणून. ते पाणी म्हणजे गाळून बाजूला काढलेल्या क्षारांचा अर्क. डाग घालवायला गेलो आणि डाग लावून आलो. त्याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हे हवेतून थंड होऊन उतरलेलं, जवळजवळ क्षार नसलेलं. रत्नागिरीच्या दमट उन्हाळ्यात एसीखाली बादली ठेवली तर ती रात्रीत चांगली भरते, आणि तिच्यात क्षार मोजायची पेनासारखी सुई बुडवली तर आकडा बघून आनंद होतो. ही सुई काहीशे रुपयांत मिळते. पागोळीचं पाणीही चांगलं, पण पहिल्या चार-सहा सरी जाऊ द्याव्यात, त्या कौलं धुतात. कातळावरच्या विहिरींचं पाणी साधारण मऊ असतं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी काचेला लावू नये, आणि अॅल्युमिनियमला तर नकोच.

अॅल्युमिनियम म्हटलं की स्क्रू आला. इथे मी फिटर लोकांशी भांडायला तयार आहे. बाहेरच्या खिडकीला पांढऱ्या झिलईचे साधे लोखंडी स्क्रू मारून जाणारे निम्म्याहून जास्त. पहिल्या पावसाळ्यात झिलई उडते, दुसऱ्यात स्क्रूखालून तांबडा ओघळ येतो. वर दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात विजेच्या सेलसारखी क्रिया होते आणि त्यातला जास्त क्रियाशील, म्हणजे अॅल्युमिनियम, झिजतो. पांढरी भुकटी सुटते. स्टेनलेसचे स्क्रू घ्यावेत, त्यातही ३०४ पेक्षा ३१६ नंबरचे. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. आणि स्क्रू व अॅल्युमिनियम यांच्या मध्ये नायलॉनचा वायसर घालावा. हे सगळं सामान आपण स्वतः आणून फिटरच्या हातात द्यायचं. त्याला राग येतो. येऊ द्यावा.

मग स्वतः बसवायचं काय आणि बसवून घ्यायचं काय? गच्चीवरच्या टाकीतून टी काढून एक व्हॉल्व्ह आणि पाइप खाली सोडणं हे घरी करता येतं. दहा मीटर खाली आलं की पाण्याला सुमारे एक बारचा दाब मिळतो, खालच्या मजल्यांच्या ब्रशला तेवढा पुरतो, पंप लागत नाही. टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळायची एवढं लक्षात ठेवा. पाइपाचं चाक घरी बसवता येतं, कॉलम सापडला तर. तीस मीटर अर्ध्या इंची पाइपात पावणेचार लिटर पाणी मावतं; पाइप आणि चाक धरून दहा किलो, आणि वर आपण मारलेला हिसका. मच्छरजाळी, शटरची बेअरिंगं, ब्रश, रबर, सगळं घरी. बिघडलं तर गादी ओली होईल, आरसा फुटेल.

माणसाचं वजन ज्याच्यावर येणार ते मात्र घरी नाही. गच्चीच्या कठड्याला बांधलेला दोर, कठड्यात ठोकलेला हूक, खिडकीच्या जाळीला अडकवलेला पट्टा, यांवर भरवसा ठेवून बाहेर वाकणारी माणसं दर दिवाळीला दिसतात. कठडा चिऱ्याचा असतो. पडणाऱ्या माणसाचा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. युरोपीय मानकांप्रमाणे पट्टा तो हिसका सहा किलोन्यूटनच्या, म्हणजे ढोबळ सहाशे किलोच्या आत रोखतो, तोही धक्का शोषणारी शिवण असलेला असेल तर. साध्या दोराला ती शिवण नसते. माझी गिट्टी दहा किलोला सुटली होती. आपल्याकडे पट्ट्यांसाठी आयएस ३५२१ हे मानक आहे, पट्टा आणणाऱ्याला त्यावरचा शिक्का दाखवायला सांगायला लाजू नये. आणि हूक काँक्रीटमध्ये कुठे आहे हे त्याने दाखवलं नाही तर त्याला चहा देऊन परत पाठवावं. इथे बाराशे नाही, पाच हजार मागितले तरी घासाघीस करू नये.

शिडीचंही तसंच. चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर हा नियम सगळीकडे आहे, पण आपल्या चिऱ्याच्या फरशीवर पावसाळ्यानंतर जे हिरवं बुळबुळीत असतं त्याला नियम माहीत नसतो. काठी बरी, पण काठीलाही तारा दिसत नाहीत. अॅल्युमिनियम वीज वाहून नेतो, कार्बन फायबरही नेतो, आणि ओल्या, मीठ बसलेल्या कुठल्याच काठीवर विसंबू नये. आंबेवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने केलेला आंबे उतरवायचा नूतन झेला हाताळणारा गडी फांदीकडे बघण्याआधी तारेकडे बघतो. पंधरा-वीस फुटांच्या बांबूच्या टोकाला देठासकट हापूस अलगद तोडणारे हे हात. माझ्या मते रत्नागिरीत खिडक्या धुण्याचा धंदा कुणाला जमणार असेल तर त्यांना, कारण टोकाचं वजन मनगटात कसं येतं ते त्यांना शिकवावं लागणार नाही.

धंद्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला हॉटेलं वाढली, त्यांच्या काचा वाढल्या, आणि छोट्या हत्तीत पाण्याची टाकी ठेवून धुलाईला निघणं हा विचार बऱ्याच तरुणांच्या मनात येतो. मे महिन्यात टंचाईचं पाणी नेणाऱ्या अशा गाड्या आपण रोज बघतो, पाचशे लिटरची काळी टाकी, वरून सुतळीचा फास. भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन. पण अर्धी रिकामी टाकी जास्त वाईट. पाणी एका अंगाला धावतं, गाडी वळणावर असते आणि वजन वळणाच्या बाहेर. आरे-वारेचा उतार ज्याने ट्रकमागे राहून उतरला आहे त्याला हे चित्र दाखवायला नको. ब्रिटनमध्ये अशा टाक्या बसवायच्या चौकटी गाडी आदळवून तपासलेल्या मिळतात. आपल्याकडे तसं काही मागूनही मिळणं कठीण, तेव्हा निदान आत आडव्या भिंती असलेली टाकी, गाडीच्या पत्र्याला नाही तर खालच्या चासीला आरपार बोल्ट, आणि काम गाडीचं शरीर बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये. सुतळीने नाही. ही एक जागा आहे जिथे घरचं डोकं वापरू नये असं मी हात जोडून सांगतो.

एक कायद्याचा मुद्दा राहिला, तो कोरडा असला तरी पैशाचा आहे. घर रेरात नोंदलेलं असेल तर ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत कामातला दोष दिसला की तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरला बंधनकारक आहे, रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये ते लिहिलं आहे. खिडकीतून पाणी येतंय म्हणून आपण स्वतः सिलिकॉन भरायला गेलो किंवा बाहेरचा फिटर आणून चौकट हलवली, तर बिल्डर पहिलं बोट त्याच भोकाकडे दाखवणार. तेव्हा नव्या घरात आधी फोटो, मग लेखी पत्र, मग ड्रिल.

गेल्या आठवड्यात मी मिस्त्रींना बोलावून जाळीचे उडवलेले बोल्ट कापून काढले आणि त्या जागी डोकी असलेले ३१६ चे बसवले. वरच्या ट्रॅकमधले आडवे स्क्रू आता आतून, चावीने निघतात; चोराला ते दिसतही नाहीत. खिडकी मोरीत नेऊन एसीच्या पाण्याने धुतली. काठी माळ्यावर आहे, वरच्या बंद काचेपुरती. मजुरी घेताना मिस्त्रींनी बाराशे घेतले.

तुमच्याकडे कुणी खिडकी, जाळी, चाक, काहीही बसवायला आलं, तर पैसे द्यायच्या आधी त्याला ते एकदा काढून दाखवायला सांगा. आणि हे मेच्या पहिल्या पंधरवड्याआधी उरका. त्यानंतर रत्नागिरीत मिस्त्री मिळत नाही, तो स्वतःच्या घरावर चढलेला असतो.